मूलद्रव्यांची कुळे : अणुरचना व आवर्तसारणी यांच्या अध्यापनासंबंधी



उच्च प्राथमिक वर्गांत अणूच्या अंतरंगाची पहिली ओळख होते आणि पुढे दहावीत मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण शिकविले जाते. या दोहोंमधील धागा प्राथमिक शाळेतच हाती आला नाही, तर पुढे तो सापडणे कठीण जाते. पुष्कळ वर्गांत पहिली वीस मूलद्रव्ये मुले पाढ्याप्रमाणे घडाघडा म्हणून दाखवितात. परंतु घरातील मीठ आणि ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टाकतो ती टी.सी.एल. पावडर यांचे काही नाते आहे काय, असे विचारताच वर्ग गप्प होतो. पाठांतरात मुले कमी पडलेली नसतात. सारणी त्यांच्यापुढे यादी म्हणून आलेली असते, आणि यादीतून नाते दिसत नाही.

आवर्तसारणी ही मूलद्रव्यांची वंशावळ आहे. तिच्यातील एखाद्याचे घर ठाऊक झाले की त्याचा स्वभाव न पाहताही पुष्कळसा सांगता येतो. ही सांगण्याची शक्ती विद्यार्थ्यास मिळावी, हा या पाठाचा हेतू. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शिक्षकांना त्यासाठी लागणारे साहित्य गावातच उपलब्ध आहे, आणि या ज्ञानाची निकडही गावातच आहे.

खताच्या पोत्यापासून आरंभ

मूलद्रव्य म्हणजे काय, हे सांगण्यास व्याख्येपेक्षा खताचे पोते अधिक उपयोगी पडते. सोयाबीन, कापूस अथवा तूर पेरणाऱ्या घरातील प्रत्येक मुलाने पोत्यावरील 18:46 किंवा 10:26:26 हे आकडे पाहिलेले असतात. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा व तिसरा पालाशाचा, हेही त्याच्या कानावर असते. नत्र म्हणजे पुस्तकातील नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाशात असतो तो पोटॅशियम, एवढे फळ्यावर लिहून दिले की पुस्तकातील परकी वाटणारी तीन नावे घरची होतात.

येथेच एक गणित घ्यावे. 18:46 या खताच्या 50 किलोच्या पोत्यात शेकडा 18 या प्रमाणाने 9 किलो नत्र असते. स्फुरदाचा आकडा मात्र त्याच्या ऑक्साइडाच्या रूपात मोजलेला असतो. शेकडा 46 प्रमाणे 23 किलो ऑक्साइड भरते, व त्यात प्रत्यक्ष फॉस्फरस सुमारे 10 किलो असतो. उरलेला भार ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा. म्हणजे पोत्यात सुटी मूलद्रव्ये नसून त्यांची संयुगे आहेत, ही गोष्ट मुलांना आकड्यांतून पटते.

पुढचा प्रश्न शेतकऱ्याच्या अनुभवाचा आहे. पिकाला नत्र कमी पडले असता स्फुरद दुप्पट टाकून भागते काय? भागत नाही, हे मुले लगेच सांगतात. एका मूलद्रव्याचे काम दुसरे करीत नाही, आणि जमिनीत, चुलीत किंवा आम्लात एका मूलद्रव्याचे दुसरे होत नाही. मग परिसाच्या स्पर्शाने लोखंडाचे सोने होते ही कथा मुले हमखास काढतात. तिचे उत्तर लगेच देऊ नये. ते अणूच्या अंतरंगात आहे असे सांगून उत्सुकता राखून ठेवावी.

अणूचे अंतरंग

पदार्थाचे तुकडे करीत गेल्यास शेवटी अविभाज्य असा कण उरावा, हा विचार भारतात वैशेषिक दर्शनाच्या परंपरेत कणादाच्या नावाशी जोडलेला आहे. तो तर्काने मांडलेला विचार होता. वजनकाट्याच्या आधारे अणूची कल्पना रसायनशास्त्रात आणली ती जॉन डाल्टन या इंग्रज शिक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. दोहोंचा आदर राखून त्यांतील फरक मुलांना सांगावा. विज्ञानात तर्काला मापाची जोड लागते, हे त्यातून सहज कळते.

अणू अविभाज्य नाही, हे पुढे उघड झाले. 1897 साली जे. जे. थॉमसन यांनी ऋण प्रभाराचा इलेक्ट्रॉन दाखवून दिला. सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर वेगवान कणांचा मारा केला असता बहुतेक कण आरपार गेले, पण थोडे उलट परतले. त्यावरून 1911 साली अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी निष्कर्ष काढला की अणूचा जवळजवळ सर्व भार मध्यभागी एका अतिसूक्ष्म केंद्रकात एकवटलेला आहे. केंद्रकात धन प्रभाराचे प्रोटॉन असतात. त्यांच्या सोबतीचा, प्रभार नसलेला न्यूट्रॉन 1932 साली जेम्स चॅडविक यांना सापडला. प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनाच्या सुमारे 1836 पट जड असतो.

केंद्रक अणूच्या मानाने किती लहान, हे आकड्याने समजत नाही. गावाच्या मधोमध पारावर ज्वारीचा एक दाणा ठेवावा आणि तेथून सर्व दिशांना सव्वाशे पावले चालत जावे. दाणा हे केंद्रक मानले, तर इलेक्ट्रॉनांचा वावर त्या सव्वाशे पावलांपर्यंत पसरलेला असतो. मधली जागा रिकामी. सोन्याच्या पत्र्यातून बहुतेक कण आरपार का गेले, हे मुलांना पारावर उभे राहूनच कळेल.

आता परिसाकडे वळावे. केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या म्हणजे अणुअंक, आणि अणुअंक हीच मूलद्रव्याची ओळख. लोखंडाचा अणुअंक 26, तांब्याचा 29 व सोन्याचा 79. लोखंडाचे सोने व्हावयाचे तर प्रत्येक अणूच्या केंद्रकात 53 प्रोटॉन अधिक घालावे लागतील. चुलीची आच, आम्लाचा दाह किंवा कोणत्याही दगडाचा स्पर्श हे सारे अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंतच पोहोचते. पारावरच्या दाण्याला त्याचा धक्काही लागत नाही. परीस का संभवत नाही, याचे हे उत्तर आहे.

अंगणातील कवचे

इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती कवचांत असतात. पहिल्या कवचात 2, दुसऱ्यात 8 व तिसऱ्यात 18 इलेक्ट्रॉन मावतात, पण बाहेरच्या कवचात 8 झाले की अणू स्वस्थ होतो. म्हणून पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात जागा असूनही चौथ्यात जातो. हुशार विद्यार्थी हे विचारतातच. अशा वेळी त्याचे संपूर्ण कारण वरच्या वर्गांत शिकावयाचे आहे, असे सरळ सांगावे. तसेच सूर्याभोवती ग्रह फिरतात तसे हे चित्र केवळ समजण्यासाठी आहे, हेही सांगून ठेवावे. इलेक्ट्रॉनाचा मार्ग रेषेसारखा आखता येत नाही, हे 1925 नंतरच्या भौतिकशास्त्राने दाखविले आहे.

शाळेच्या अंगणात चुन्याने तीन वर्तुळे आखावीत. मध्ये एक मूल अणुअंकाची पाटी घेऊन उभे राहील. सोडियमसाठी पाटीवर 11 लिहून पहिल्या वर्तुळात दोन, दुसऱ्यात आठ व तिसऱ्यात एक मूल उभे करावे. शेजारी क्लोरीनसाठी 17 ची पाटी ठेवून दोन, आठ व सात अशी मुले उभी करावीत. पट लहान असेल तर मुलांऐवजी चिंचोके किंवा हरभरे चालतात. आता विचारावे : दोघांनाही बाहेर आठ हवे असतील, तर सोपा उपाय कोणता? सोडियमच्या बाहेरचे एकटे मूल क्लोरीनच्या अंगणात जाऊन उभे राहते. सोडियमचे वर्तुळ रिकामे होऊन आतले आठ उघडे पडतात आणि क्लोरीनचे सातांचे आठ होतात. एकाने ऋण प्रभार दिला म्हणून तो धन झाला, दुसऱ्याने घेतला म्हणून ऋण झाला. धन व ऋण एकमेकांस धरून राहतात. हेच मीठ.

येथे थोडे थांबावे. सोडियम हा पाण्यात पडताच भडकणारा धातू आहे. क्लोरीन हा विषारी वायू असून 1915 साली पहिल्या महायुद्धात तो शस्त्र म्हणून वापरला गेला. या दोघांच्या संयोगाने भाकरीबरोबर खाण्याचे मीठ होते. मूलद्रव्याचा स्वभाव सुट्या स्थितीत एक व संयुगात दुसरा असतो, ही गोष्ट मुलांच्या मनावर जितकी ठसेल तितकी पुढील वाट सोपी होईल. सोडियम धातू मात्र शाळेत कोणीही आणू नये व टी.सी.एल. पावडरीत आम्ल मिसळण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

रिकाम्या घरांचे भाकीत

इ. स. 1869 मध्ये रशियातील दिमित्री मेंडेलीव्ह यांच्यापुढे त्या काळी ज्ञात असलेली 63 मूलद्रव्ये होती. त्यांनी ती अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली, आणि ठरावीक अंतराने सारख्या गुणांची मूलद्रव्ये पुन्हा येतात असे त्यांना आढळले. सोमवारानंतर सात दिवसांनी पुन्हा सोमवार यावा, तसे. या पुन्हा येण्यालाच आवर्तन म्हणतात. त्यांच्या आधीही इतरांनी वर्गीकरणाचे प्रयत्न केले होते. मेंडेलीव्ह यांचे वैशिष्ट्य हे की गुण जुळेनात तेथे त्यांनी ओढूनताणून मूलद्रव्य बसविले नाही. घर मोकळे ठेवले, आणि येथे राहणारा अद्याप सापडावयाचा आहे असे सांगितले.

मराठी मुलांना ऐकून नवल वाटेल अशी गोष्ट म्हणजे या मोकळ्या घरांची नावे त्यांनी संस्कृत संख्याशब्दांनी दिली. ॲल्युमिनियमच्या खालचे पहिले मोकळे घर 'एक-ॲल्युमिनियम', तसेच 'एक-बोरॉन' व 'एक-सिलिकॉन'. याहून दूरच्या घरांसाठी त्यांनी 'द्वि' व 'त्रि' हे शब्द योजले. एक-ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या सुमारे 5.9 पट असावी, असे त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. 1875 साली फ्रान्समधील लकॉक द बॉईसबॉड्राँ यांना गॅलियम सापडले. त्यांच्या पहिल्या मापनात घनता 4.7 आली. मेंडेलीव्ह यांनी नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजण्यास सुचविले, आणि फेरमापनात ती 5.9 भरली. ज्याने पदार्थ डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्याचा आकडा बरोबर निघाला. 1879 साली स्कँडियम व 1886 साली जर्मेनियम सापडून दुसरी दोन घरेही भरली. गॅलियम सुमारे 30 अंश सेल्सिअसला वितळते. मराठवाड्यातील वैशाखात ते बशीत ठेवल्या जागी पाण्यासारखे होईल.

हे भाकीत मुलांकडूनही करवून घेता येते. लिथियमचा अणुभार 7 व पोटॅशियमचा 39. मधल्या घरातील सोडियमचा किती असावा? दोहोंची बेरीज 46, तिची निम्मी 23, आणि सोडियमचा अणुभार 23 च आहे. क्लोरीनचा 35.5 व आयोडीनचा 126.9 घेऊन ब्रोमीनचा अंदाज करण्यास सांगावे. सरासरी 81.2 येते, प्रत्यक्ष अणुभार 79.9 आहे. उत्तर तंतोतंत आले नाही तरी जवळ आले, यातही शिकण्यासारखे आहे. अशी त्रिके जर्मनीतील डोबेरायनर यांनी मेंडेलीव्हपूर्वी सुमारे चाळीस वर्षे दाखविली होती.

अणुभाराचा क्रम काही ठिकाणी चुकत असे. 1913 साली इंग्लंडमधील हेन्री मोस्ले यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले की खरा क्रम अणुअंकाचा आहे. दोनच वर्षांनी ते गॅलिपोलीच्या रणांगणावर मारले गेले. त्यांचे वय तेव्हा 27 होते. आज सारणीत 118 मूलद्रव्ये असून सात आडव्या ओळी, म्हणजे आवर्ते, व अठरा उभे स्तंभ, म्हणजे गण आहेत. अखेरच्या चार मूलद्रव्यांची नावे 2016 साली निश्चित झाली.

सूर्यात सापडलेले मूलद्रव्य

सारणीच्या अगदी उजव्या टोकाचा अठरावा स्तंभ मेंडेलीव्ह यांच्या पहिल्या मांडणीत नव्हताच. त्याची कथा दख्खनच्या पठाराशी संबंधित आहे. 18 ऑगस्ट 1868 रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया मराठवाड्याच्या दक्षिणेकडून, जमखिंडी व विजापूरवरून आंध्रातील गुंटूरकडे गेली. जमखिंडीस व गुंटूरला निरीक्षक वर्णपटदर्शक घेऊन बसले होते. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या प्रकाशात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या, त्यांत एक पिवळी होती. गुंटूरला असलेले फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ग्रहणाशिवायही या रेषा पाहण्याची युक्ती काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून स्वतंत्रपणे तेच केले. ही पिवळी रेषा सोडियमच्या रेषांजवळ असली तरी त्यांच्याशी जुळत नाही, असे दिसून आले. लॉकियर यांनी हा शोध विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला असे महाराष्ट्रात अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात त्यांचे ते निरीक्षण इंग्लंडमधील होते, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

नव्या मूलद्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटले गेले. पृथ्वीवर ते 1895 साली विल्यम रॅम्से यांना मिळाले. हेलियम, निऑन, अरगॉन या राजवायूंना सामावण्यासाठी सारणीत एक संपूर्ण स्तंभच वाढवावा लागला, आणि तरी बाकीची मांडणी मोडली नाही. या वायूंची बाहेरची कवचे भरलेली असल्यामुळे ते कोणाशी सहसा संयोग करीत नाहीत. वर्गात याची आठवण राहण्यासाठी चिमूटभर मीठ ज्योतीवर टाकून दाखवावे. ज्योत पिवळीधमक होते, हा सोडियमचा रंग. त्याच रंगाला अगदी लागून हेलियमची रेषा आहे.

एक कूळ, एक कुळाचार

सारणीत आडव्या ओळीने किती कवचे आहेत ते कळते व उभ्या स्तंभाने बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत ते कळते. रासायनिक वर्तन मुख्यतः बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर ठरते. म्हणून एका स्तंभातील मूलद्रव्ये एका कुळातील घरांसारखी असतात. घरे निराळी, पण कुळाचार एक. पहिल्या स्तंभात सोडियम व पोटॅशियम दोघेही बाहेरचा एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतात. त्याच स्तंभात बसविलेला हायड्रोजन मात्र धातू नाही. कुळात असा एखादा वेगळा निघतो, हेही लपवू नये.

सतराव्या स्तंभाचे कूळ गावात घरोघर आहे. या स्तंभातील फ्लोरीन 2, 7. क्लोरीन 2, 8, 7. ब्रोमीन 2, 8, 18, 7. आणि आयोडीन 2, 8, 18, 18, 7 अशी रचना फळ्यावर एकाखाली एक लिहावी. शेवटचा आकडा सर्वांचा 7. प्रत्येकास एक इलेक्ट्रॉन हवा, हा यांचा कुळाचार. जसजसे खाली जावे तसतसे बाहेरचे कवच केंद्रकापासून दूर जाते, ओढ कमी पडते आणि मूलद्रव्य सौम्य होते. म्हणून या कुळात फ्लोरीन सर्वांत उग्र व आयोडीन त्या मानाने शांत.

यांतील क्लोरीन विहिरीच्या पाण्यात टी.सी.एल.च्या रूपाने जातो. इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या त्याच्या स्वभावामुळेच रोगजंतू नष्ट होतात. ओ.टी. चाचणीत पाण्याला येणारा पिवळा रंग क्लोरीन शिल्लक आहे हे सांगतो. आयोडीन मिठातून घरात येते. त्याच्या अभावी गळ्याची गाठ वाढते व मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटते. त्यासाठी घरी पोहोचलेल्या एक किलो मिठात निदान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावे लागते. इतकी अल्प मात्रा, पण तिच्यावाचून चालत नाही.

कुळातील थोरला फ्लोरीन मात्र न बोलावता येतो, आणि त्याची ओळख नांदेड जिल्ह्यातील शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

खडक, पाणी आणि मुलांचे दात

लातूर जिल्हा व नांदेडचा मोठा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. नांदेडच्या पूर्वेस किनवट, बिलोली, देगलूर या बाजूस त्याच्या खालचा अतिप्राचीन ग्रॅनाइट व पट्टिताश्म वर आलेला आढळतो. ग्रॅनाइटातील काही खनिजांत फ्लोरीन फ्लोराइडाच्या रूपात बांधलेले असते. खडकाच्या भेगांत दीर्घकाळ राहिलेल्या पाण्यात ते उतरते. म्हणून किनवट तालुक्यासारख्या भागात काही कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. पाऊस कमी झाला की उथळ विहिरी आटतात व लोक अधिक खोल कूपनलिकांकडे वळतात. 2016 च्या एप्रिलात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, इतकी टंचाई या भागाने पाहिली आहे. पाणी मिळाले म्हणजे झाले, असे अशा वेळी वाटते. पण त्यात काय विरघळले आहे, हा प्रश्न उरतोच.

पिण्याच्या पाण्यात एका लिटरमध्ये 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असणे योग्य, व दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे भारतीय मानक आहे. हजार लिटरच्या टाकीत ही मात्रा दीड ग्रॅम भरते. तिला रंग नाही, वास नाही, चव नाही. दाताच्या व हाडाच्या खनिजात एक ऋण प्रभार असलेला हायड्रॉक्साइडाचा गट असतो. फ्लोराइडाचा प्रभारही एक ऋण व आकारही जवळपास तेवढाच, म्हणून ते त्याची जागा घेऊ शकते. अल्प प्रमाणात यामुळे दात बळकट होतात. पण दाताचे आवरण हिरडीच्या आत घडत असताना फ्लोराइड अधिक मिळत राहिले, तर ते आवरण नीट घडत नाही. दातांवर पांढरे, पुढे पिवळे-तपकिरी आडवे पट्टे उमटतात. वर्षानुवर्षे असे पाणी पीत राहिल्यास हाडे व सांधेही ताठरतात.

पुढचे कायमचे दात सहाव्या-सातव्या वर्षी येतात. म्हणजे हे पट्टे प्रथम पाहणारी व्यक्ती पुष्कळदा पहिली-दुसरीचा शिक्षकच असते. अशा मुलास दात घासत नाहीस म्हणून रागावणे हा अन्याय आहे. घासल्याने ते पट्टे जात नाहीत, कारण ते दातावर बसलेले नसून दातात घडलेले असतात. हसताना तोंडावर हात धरणारे मूल वर्गात दिसले, तर त्याच्या मागे गावाचे पाणी असू शकते.

येथे शिक्षकाचे रसायनशास्त्र गावाच्या उपयोगी पडावे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण थोडे वाढते. टी.सी.एल.नेही ते जात नाही. फ्लोराइडाने आपला इलेक्ट्रॉन आधीच मिळविलेला असल्यामुळे क्लोरीनला त्याच्याशी काही करता येत नाही. तुरटी व चुना वापरून ते कमी करण्याची एक रीत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, बसविली असून शेजारच्या तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्याच्या नावाने ती ओळखली जाते. तिचे प्रमाण पाण्याच्या तपासणीवरून ठरवावे लागते. ते अंदाजाने करू नये. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे फ्लोराइड कमी असलेला दुसरा स्रोत किंवा साठविलेले पावसाचे पाणी पिण्यासाठी राखणे. पण आधी आकडा हवा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत शाळेच्या व गावाच्या स्रोताचा नमुना पाणी तपासणी प्रयोगशाळेकडे पाठवून अहवाल मागवावा, आणि तो आठवीच्या वर्गात वाचून दाखवावा. लातूरकडील शाळांनीही हे करावे. खडक निराळा असला तरी पाणी तपासल्यावाचून ते कसे आहे हे कळत नाही.

पाठांचा क्रम व परीक्षा

हा विषय सहा तासिकांत बसतो. पहिली खताच्या पोत्याची, दुसरी केंद्रक व अणुअंकाची, तिसरी अंगणातील कवचांची, चौथी मेंडेलीव्हच्या मोकळ्या घरांची, पाचवी हेलियम व राजवायूंची, आणि सहावी सतराव्या कुळाची व गावच्या पाण्याची. वर्गाच्या भिंतीवर पहिल्या वीस मूलद्रव्यांचा तक्ता मुलांकडून करवून घ्यावा. प्रत्येक घरात अणुअंक, पुस्तकातील नाव, गावातील नाव व ते जेथे सापडते ती जागा लिहावी. सोडियम व पोटॅशियम यांच्या संज्ञा नावाशी का जुळत नाहीत, असे मुले विचारतील. त्या लॅटिन नावांवरून, नेट्रियम व कॅलियमवरून, घेतल्या आहेत हे सांगितले की गोंधळ मिटतो.

परीक्षेत 'पहिली वीस मूलद्रव्ये लिहा' एवढाच प्रश्न घालू नये. 'ज्याची रचना 2, 8, 2 आहे ते मूलद्रव्य इलेक्ट्रॉन देईल की घेईल? किती?' असा घालावा. 'ब्रोमीन तुम्ही पाहिलेले नाही. ते क्लोरीनहून उग्र असेल की सौम्य, व कशावरून?' असा घालावा. न पाहिलेल्याविषयी कारण देऊन सांगता आले, तर सारणी समजली असे मानण्यास हरकत नाही. पाठ नसलेले आकडे तक्त्यावर पाहू द्यावेत.

ग्रामीण शाळेत प्रयोगशाळा नसते, ही अडचण खरी आहे. तथापि या विषयासाठी लागणारे मीठ, चुना, हरभरे, खताचे रिकामे पोते व एक पाण्याचा अहवाल ही सामग्री प्रत्येक गावात जमते. नववे घर फ्लोरीनचे आहे हे ज्या मुलाला कळले, आणि ते आपल्या विहिरीत किती आहे हे ज्याने विचारले, त्याचा विज्ञानाचा अभ्यास सुरू झाला असे समजावे.